मी काढलेलं पान

मारिसोल,

तुझ्याबद्दल दोनशे शब्द लिहून दे, असं विभागाने मला सांगितलं होतं. विषयही त्यांनीच ठरवला होता, स्त्रियांच्या समावेशासाठी तू केलेलं काम. मी लिहिले. ते आता युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर आहेत आणि वर तुझा तो पिवळ्या हेल्मेटमधला हसरा फोटो आहे. तुला तो फोटो अजिबात आवडायचा नाही. डोक्यावर पडण्यासारखं काहीही नसलेल्या लॅबमध्ये फोटोग्राफरने तुला हेल्मेट घालायला लावलं होतं, आणि तू त्याला विचारलं होतंस की कशाची भीती वाटते, माझ्यावर काही पडेल याची, की मीच कुणावर पडेन याची? तो बिचारा गोंधळला. तेवढ्यात तू हसलीस, आणि त्याने बटण दाबलं.

त्या दोनशे शब्दांत तू नाहीस. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून अर्जाची भाषाच उतरते. उल्लेखनीय, प्रेरणादायी, मोलाचं. म्हणून हे मराठीत लिहितेय. तुला यातलं एक अक्षर वाचता आलं नसतं. तू जाऊन एकोणीस दिवस झाले, तेव्हा तसाही फरक पडत नाही.

मी ग्लासगोत नोकरीला लागले तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्यांत आपण दोघीच बायका होतो. तू माती शिकवायचीस, मी पाणी. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस आखूड, आवाज खणखणीत. माझी वेणी, आणि मीटिंगमध्ये माझं बोलणं तिसऱ्या खुर्चीच्या पुढे पोचायचं नाही. तरी एक प्रोफेसर वर्षभर तुला शुभदा आणि मला मारिसोल म्हणत राहिले. मी दर वेळी नम्रपणे चूक सुधारायची. तू मात्र एकदा त्यांना म्हणालीस की शुभदा आज आली नाही, पण मी तिला निरोप देईन. ते थँक यू म्हणून निघून गेले. मी शेजारीच उभी होते. ते कॉरिडॉरच्या टोकाला वळेपर्यंत आपण दोघींनी दम धरला, आणि मग मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. या देशात येऊन मला सात वर्षं झाली होती. ऑफिसात इतकं हसणं तोवर कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात तू मला ‘चिकाना’ हा शब्द सांगितलास. आपण कँटीनमध्ये होतो. ही तुमची जात का, असं मी विचारलं, आणि तू कॉफीचा कप खाली ठेवून बराच वेळ हसलीस. मग सांगितलंस. तुझे आजोबा मेक्सिकोतून कॅलिफोर्नियात आले. तुझा जन्म तिथलाच, वडिलांचाही. अमेरिकेत लोक विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या. मेक्सिकोत नातेवाइकांकडे गेलीस की तिथली भावंडं तुझ्या स्पॅनिशला हसायची आणि तुला गोरी म्हणायची. दोन्हीकडे परकी. म्हणून तुझ्यासारख्यांनी हा तिसरा शब्द धरला. आधी तो शिवीसारखा वापरायचे, म्हणालीस, मग आम्ही तो उचलून आमचा केला. इथल्या नोकरीच्या फॉर्मवर वंशाच्या सगळ्या चौकटी सोडून ‘इतर’समोर तू हाताने तोच शब्द लिहिला होतास. एचआरच्या बाईंनी फोन करून विचारलं होतं की हे तुमच्या गावाचं नाव आहे का.

“तुझा शब्द कुठला?” तू मला विचारलंस.

 मी मिरजेची, असं म्हणाले. ते गाव कुठे आहे हे सांगण्यात तो विषय संपला. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी फॉर्मवर इतकी वर्षं दिलेल्या चौकटीत खूण करत आले होते आणि खूण केली की पान उलटत होते.

रेवाचं एक सांगायला हवं. ती सहा वर्षांची असताना तू घरी जेवायला आली होतीस. रेवा मला म्हणाली, “आई, माझी डोकं दुखतो.” मी लगेच म्हणाले, “माझं डोकं दुखतं.” तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. मग ती इंग्रजीत बोलायला लागली. तुला भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते बरोबर कळलं. रेवा आत गेल्यावर तू मला म्हणालीस की तुझी आई असंच करायची, तुझ्या भल्यासाठीच. शाळेत स्पॅनिश बोललीस म्हणून शिक्षा व्हायची आणि घरी चुकीचं बोललीस म्हणून टोकलं जायचं. शेवटी बारा वर्षांची असताना तू आईशी स्पॅनिश बोलणं सोडलंस.

“मुलीचं व्याकरण हवंय की मुलगी बोलायला हवी आहे?” तू विचारलंस. मला राग आला होता. माझ्या घरात, माझ्या भाषेबद्दल. पण मी टोकणं थांबवलं. रेवा आज पंधरा वर्षांची आहे आणि माझ्याशी मराठीत भांडते, सगळी लिंगं चुकवून, आवाज चढवून. ही तुझी देणगी आहे. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. मनात यायचं, पण त्यासाठी तू बरोबर होतीस असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणणं मला नेहमीच जड जायचं.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले आहे.

विभागाने एका पुरस्कारासाठी अर्ज करायचं ठरवलं. स्त्रियांना विभागात किती स्थान आहे, त्या किती टिकतात, किती पुढे जातात, हे तपासून मिळणारा पुरस्कार. समितीची अध्यक्ष मला केलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. तू समितीत आलीस ती एका अटीवर, की आकड्यांबरोबर बायकांशी प्रत्यक्ष बोलायचं. तू नऊ जणींशी बोललीस. सोडून गेलेल्यांनाही शोधून काढलंस. आणि त्यातल्या एकीवर एक अख्खं पान लिहिलंस.

ती शीना. आपल्या लॅबची टेक्निशियन. मातीच्या चाचण्यांची यंत्रं तिच्याइतकी कुणालाच कळत नाहीत. तिने तीन तरुणांना काम शिकवलं आणि तिघेही एकामागून एक तिचे वरिष्ठ झाले. दर वेळी तिला सांगितलं गेलं की पुढच्या वेळी तुझा विचार होईल. तू नाव बदललं होतंस, बाकी सगळं जसंच्या तसं. भाषा साधी होती, एकही विशेषण नव्हतं. मी ते वाचलं आणि मला माझ्या खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटलं.

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, इथे कुणी ओरडत नाही. मसुदा छान झालाय म्हणाले. फक्त त्या एका पानाचा सूर बाकीच्याशी जुळत नाही, असं त्यांना वाटलं. निर्णय अर्थातच तुझा, तू अध्यक्ष आहेस, असंही म्हणाले. मग दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले की माझ्या प्रोफेसरपदाची फाइल पुढे गेली आहे. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी जोडला नाही. तो मी जिना उतरता उतरता जोडला.

ते पान मी काढलं. तुला न सांगता. पान निघाल्यावर क्रमांक आपोआप नीट लागले. काही काढलंय असं कुणाला कळलंही नसतं.

पुरस्कार मिळाला. मीही प्रोफेसर झाले, त्या विभागातली पहिली बाई. कॉमन रूममध्ये केक होता, भाषणं झाली. तू उशिरा आलीस. तुझ्या हातात छापलेला अर्ज होता आणि तू सगळ्यांमधून सरळ माझ्याकडे आलीस. मला वाटलं, अभिनंदन करायला.

“ते पान कुठंय?”

मी म्हणाले की अर्ज लांबला होता, शब्दमर्यादा होती, काटछाट करावी लागली.

“शुभा, ते पान कुठंय?”

“मी काढलं.”

 मला कोपरापाशी धरून बाहेर जिन्यात आणलंस. तिथे मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, आणि विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले की कुणीतरी आत असायला हवं, तरच पुढच्या मुलींसाठी काही करता येईल. मी म्हणाले, मी इथे व्हिसावर आले, दर दोन वर्षांनी कागद घेऊन रांगेत उभी राहिले, मला चांगलं वागणं भागच होतं. तुला काय, तुझा पासपोर्ट अमेरिकेचा, तुला राग परवडतो.

तुझा चेहरा उतरला. रागाने नाही. मी तुला ओळखतच नव्हते, हे तेव्हा तुला कळलं असावं.

“माझ्या बापाने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात वाकून लेट्यूस कापलं,” तू म्हणालीस. “त्याची पाठ शेवटपर्यंत सरळ झाली नाही. मला राग परवडतो, होय?” आणि मग हळू आवाजात, “त्यांनी तुला आत घेतलं, शुभा. आता दाराला आतून पाठ लावून तूच उभी आहेस.”

मी परत आत गेले. केक कापायचा राहिला होता.

त्यानंतर आठ महिने. आपण भांडलो असतो तर काही मार्ग निघाला असता. पण ब्रिटिशांच्या देशात राहून आपण दोघीही सभ्य झालो होतो. गुड मॉर्निंग, परीक्षेचे पेपर, दाराशी एकमेकींना आधी जा म्हणणं. रेवा विचारायची की मारिसोल येत का नाही. कामात आहे, असं मी सांगायची. तू एकदा लॅबच्या काचेमागे शीनाबरोबर काहीतरी दुरुस्त करत होतीस, हात कोपरापर्यंत चिखलात, आणि हसत होतीस. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बराच वेळ उभी होते. आत यायला दार ढकलायचं फक्त. मी ढकललं नाही.

तुझ्या आजाराचं मला शीनाकडून कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. सगळ्यात वाईट वाटलं ते हे की मला तिसऱ्या माणसाकडून कळलं. त्या संध्याकाळी तुझ्या फ्लॅटचे तीन मजले चढून आले. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “चहा तुलाच करावा लागेल.” एवढंच. मी चहा केला.

मग दर मंगळवारी मी तुला हॉस्पिटलला नेत होते. गाडीत आपण सगळ्यावर बोललो. विद्यार्थी, रेवाचा बॉयफ्रेंड, केल्व्हिन नदीच्या काठाला पाणी वाढलं की तुझी माती हरते की माझं पाणी जिंकतं. एका मंगळवारी सिग्नलला थांबलो असताना तू म्हणालीस, “शुभा, त्या पानाबद्दल...”

आणि मी म्हणाले, “आत्ता नको. आधी बरी हो.”

तू बरी होणार नाहीस हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं. मला वाटतं, तू मला सोडवायला निघाली होतीस, किंवा धारेवर धरायला. कुठलंही चाललं असतं. मी घाबरले. सिग्नल हिरवा झाला, मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि तू खिडकीबाहेर पाहायला लागलीस.

धीर आला तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांसाठी तुला हलवलं होतं त्या हॉस्पिसमध्ये मी मनाशी ठरवून आले, खुर्ची जवळ ओढली, आणि म्हणाले की मारिसोल, मला माफी मागायची आहे. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे संत्रं मागितलंस. मी सोललं. तुला खाता आलं नाही, नुसतं हातात धरून वास घेत राहिलीस. मॉर्फिनमुळे तू कुठेतरी लांब गेली होतीस आणि तिथे मला रस्ता नव्हता.

शेवटच्या दोन दिवसांत तुझं इंग्रजी गेलं. तू फक्त स्पॅनिशमध्ये बोलायचीस, जी भाषा आपली मोडकी आहे असं तूच मला सांगायचीस. मी फोनवर तुझ्या आईला जोडून दिलं. ती ऐंशीच्या पुढची, प्रवास शक्य नव्हता. तू तिच्याशी बोलत राहिलीस, अडखळत, पण न थांबता. तिने एकदाही टोकलं नसावं. टोकलं असतं तर तू थांबली असतीस.

शेवटच्या रात्री तुझी बहीण एलेना अजून विमानात होती आणि खोलीत मी एकटीच होते. तू माझं मनगट धरलंस आणि काहीतरी म्हणालीस. मी वाकले. तू पुन्हा तेच म्हणालीस, आणि तिसऱ्यांदा, जरा जोराने, जसं न कळणाऱ्या विद्यार्थ्याला सांगायचीस. मी हो म्हणाले. हो मारिसोल, हो. काय विचारलंस, काय मागितलंस, कशाला हो म्हणाले, काही माहीत नाही. तू मनगट सोडलंस. पुढे तू बोलली नाहीस, आणि सकाळी गेलीस.

एलेना दुपारी पोचली. तिने आधी तुझे केस नीट केले, मग मला विचारलं की ती शेवटी काय म्हणाली. मी जे ऐकलं होतं ते म्हणून दाखवलं. शब्द नव्हते माझ्याकडे, नुसते आवाज. तिने मला पुन्हा म्हणायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

“पहिला शब्द ‘दीले’ असेल कदाचित,” ती म्हणाली. “तिला सांग. किंवा त्याला सांग. आमच्यात दोन्हीला एकच शब्द.” मी पुढचं म्हटलं. तिने मान हलवली. “याचा काही अर्थ लागत नाही, शुभदा. आणि पहिलाही मी लावतेय म्हणून लागतोय.”

अकरा वर्षं आपण रोज इंग्रजीत बोललो. दोघींचीही ती उसनी. आणि शेवटची गोष्ट तू मला त्या भाषेत सांगितलीस, ज्यातला एकही शब्द मी कधी शिकायची तसदी घेतली नाही.

तुझी शोकसभा ठरली तेव्हा मला तीन मिनिटं दिली होती. मी ठरवलं की ते पान वाचायचं. प्रत माझ्याकडे होती, ती मी टाकली नव्हती. पण या वेळी आधी विचारायचं, म्हणून लॅबमध्ये शीनाकडे गेले. ती एक साचा पुसत होती. मी सगळं सांगितलं, माझ्या प्रोफेसरपदाच्या फाइलसकट. ती पुसत राहिली.

“नको,” ती म्हणाली.

मी म्हणाले की लोकांना कळायला हवं.

“कुणाला कळायचं राहिलंय? सोमवारी मला इथेच यायचंय. त्या तिघांच्याच हाताखाली.” मग तिने फडकं खाली ठेवलं. “मारिसोल माझी मैत्रीण होती. पण ते लिहिण्याआधी नीट विचारलं तिनेही नव्हतं. तू काढलंस तेव्हा मला एक दिवस सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आता तुला बरं वाटावं म्हणून मी पुन्हा त्यातून जायचं का?”

मी जिना चढून वर आले. तुझ्याकडे याचं उत्तर असतं का गं? हा वाद मला तुझ्याशी घालायचा आहे. शीनाला न विचारता तिचं आयुष्य कागदावर मांडणारी तू, आणि तिला न विचारता ते पुसणारी मी. आपण दोघी समितीत बसून तिच्या समावेशाबद्दल बोलत होतो आणि ती खाली तळमजल्यावर यंत्रं पुसत होती. हे मी तुला सुनावलं असतं, तू उसळली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, आणि मग लॅबमध्ये जाऊन तिला विचारून आली असतीस. तुझ्याजवळ ते होतं. चूक कळली की तू सरळ चालत जायचीस. मी मात्र चूक कळल्यावर अजून वळणं शोधते.

काल सभा झाली. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये, बरीच माणसं होती. तुझे जुने विद्यार्थी लांबून आले होते. विभागप्रमुख चांगलं बोलले. खरंच चांगलं बोलले, त्यांचा आवाजही भरून आला. माणसं अशीच असतात, यालाच तू वैतागायचीस. मग मी उभी राहिले. लिहून आणलेलं अर्धं वाचलं, तुझ्या मातीबद्दल, वर्गातल्या तुझ्या आवाजाबद्दल. मग कागद बाजूला ठेवला.

“मारिसोलने एक पान लिहिलं होतं,” मी म्हणाले. “पुरस्काराच्या अर्जासाठी. ते त्यातलं सगळ्यात खरं पान होतं. ते मी काढून टाकलं. तिला न सांगता.”

याहून जास्त बोलायची मला परवानगी नव्हती, म्हणून मी खाली बसले.

 मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. विभागप्रमुख आपल्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. मागच्या रांगेत शीना मान खाली घालून बसली होती. कुणीतरी हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझ्या प्रामाणिकपणाला, असं वाटतं. मग चहा झाला. पाच-सहा जणांनी येऊन माझा हात दाबला आणि म्हणाले की तुम्ही फार धीराने बोललात, तिला अभिमान वाटला असता. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत, वाट बघत उभी होते.

मारिसोल, त्या पानावर काय होतं, हे एकानेही विचारलं नाही.